एर्दिग

एर्दिग : वेल्समधील सतराव्या शतकातील एक प्रसिद्ध ग्रामीण प्रासाद. ईशान्य वेल्समधील रेक्समच्या दक्षिणेस सु. ३ किमी. अंतरावर, क्लवेडॉग नदीच्या खोऱ्यालगतच्या उंचवट्यावर तो वसलेला आहे. वास्तुसौंदर्यापेक्षाही अखंडपणे जतन झालेले अंतर्गत साहित्य आणि सेवकवर्गाच्या जीवनाच्या खुणा यांमुळे त्यास विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

मूळ वास्तू डेन्बिशरचा शेरिफ जोशुआ एडिसबरी याने १६८४–८७ मध्ये बांधविली. तिचा अभिकल्प चेशरमधील मिडलविचच्या टॉमस वेब या पाथरवटाचा होता. तळघरावर उभारलेली, नऊ खणांच्या रुंदीची ही विटांची इमारत प्रमाणबद्ध, परंतु अलंकरणविरहित होती. तिचा खर्च मात्र एडिसबरीला पेलला नाही व तो कर्जबाजारी झाला. त्याच्या सावकारांत मद्रासचा माजी गव्हर्नर इलाइह्यू येल हाही होता. लंडनच्या चॅन्सरी न्यायालयातील मास्टर जॉन मेलर याने १७१६ मध्ये ही मालमत्ता घेतली आणि पुढील दशकात मूळ वास्तूच्या दोन्ही टोकांस पाखे जोडून तिची लांबी वाढविली. सोनेरी व रुपेरी मुलाम्याचे आसनप्रकार, आरसे, भित्तिपट आणि चिनी भरतकामाच्या रेशमाने मढविलेला राजपलंग (सु. १७२०) ही त्याच्याच काळातील खरेदी होय. अविवाहित मेलरच्या मृत्यूनंतर (१७३३) प्रासाद त्याचा भाचा सायमन यॉर्क याच्याकडे आला. त्यानंतर १९७३ पर्यंत तो यॉर्क घराण्यात राहिला. त्याचे सर्व मालक सायमन किंवा फिलिप याच नावाचे होते.

पश्चिमेकडील विटांची भिंत वाऱ्यापावसाने झिजल्यामुळे पहिल्या फिलिप यॉर्कने १७७२–७३ मध्ये जेम्स वायटकरवी तिला दगडी आच्छादन चढविले. वायटची ही दर्शनी बाजू संयत असली, तरी काहीशी कोरडी वाटते. मूळ वास्तूचा खरा डौल पाहावयाचा, तर पूर्वेकडील उद्यानातून विटांचा दर्शनी भाग पाहावा. आगीच्या भीतीने नवे स्वयंपाकघर याच सुमारास मुख्य वास्तूपासून अलग बांधण्यात आले. त्याची भव्य त्रिदली व्हेनिशियन खिडकी एखाद्या दिवाणखान्यास शोभेल अशी आहे. भोजनगृहाची नव-अभिजात शैलीतील पुनर्रचना टॉमस हॉपरने १८२६–२७ मध्ये केली. विल्यम एम्सने भोवतालचा परिसर निसर्गानुसारी पद्धतीने आखला. तेथील ओढ्याचे पाणी वर्तुळाकार कुंडात पडून अदृश्य होते. मात्र प्रासादालगतचे जुने भूमितीय उद्यान व त्यातील सरळ कालवा यांस फारसा धक्का लागला नाही.

यॉर्क घराण्याने जुनी वस्तू सहसा टाकून दिली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुतार, लोहार, मोलकरणी इत्यादींची व्यक्तिचित्रे काढवून, त्यांखाली मालकाने स्वतः रचलेली पद्ये लिहिण्याची प्रथा येथे रूढ झाली. पुढे चित्रांची जागा छायाचित्रांनी घेतली. ग्रामीण प्रासादांत सेवकांची अशी दृश्य नोंद क्वचितच आढळते. धुलाईघर, भट्टी, सुतारशाळा व तबेले यांसह सेवकांचा भागही टिकून राहिला.

विसाव्या शतकात या वास्तूवरील खरे संकट जमिनीखालून आले. १९४७ मध्ये कोळसा-उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर लगतच्या बर्शम खाणीतील उत्खनन थेट प्रासादाखाली पोहोचले. जमीन खचून वास्तूचे एक टोक सु. १·५ मी., तर दुसरे सु. १ मी. खाली गेले. या असमान खचण्यामुळे भिंती तडकल्या, छपरे गळू लागली आणि राजपलंगावरही पावसाचे पाणी ठिबकू लागले. १९६६ मध्ये वारसा मिळालेला तिसरा फिलिप यॉर्क विजेविना तेथे राहून वास्तू सांभाळत होता. त्याने १९७३ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली. कोळसा मंडळाकडून मिळालेली भरपाई व काही जमिनीची विक्री यांतून जीर्णोद्धार करण्यात आला आणि १९७७ मध्ये प्रासाद लोकांसाठी खुला झाला. प्रेक्षकांना प्रवेश मुख्य दारातून न देता कार्यशाळांच्या व सेवकांच्या आवारातून देण्याची योजना त्या वेळी अवलंबिण्यात आली.