यंत्राला कोणते काम द्यावे?



ज्या गुरुजींनी माझ्या हाती पहिल्यांदा ग्रंथालयातील पुस्तक ठेवले, त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याची संधी शाळेने मला दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. 'माणसाची कामे यंत्राकडे सोपवावीत काय?' हा विषय संयोजकांनी सुचविला तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी मराठीचा अध्यापक. यंत्रशास्त्राशी माझा संबंध तो किती! परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न मला प्रथम माझ्या घरातच भेटला होता.

आमच्या निपाणीच्या घरी आई विड्या वळीत असे. टेंभुर्णीची पाने भिजवून मऊ करावयाची, मापाच्या पत्र्यावर ती कातरीने कापावयाची, मांडीवरच्या सुपातला जर्दा पानात भरून वळावयाचा, दोरा बांधावयाचा आणि टोक मुडपावयाचे. मजुरी हजारावर मिळे. कारखान्यात छाट निघाली की तेवढे पैसे कमी येत. तंबाखूच्या धुरळ्याने तिला रात्री खोकल्याची उबळ येई. दहा-बारा वर्षांचा असताना मी तिला मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आई, विडी वळण्याचे यंत्र निघाले तर किती बरे होईल!" हातातले काम न थांबविता ती म्हणाली, "आणि तुझी फी ते यंत्र भरणार काय रे?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे ते उत्तर देण्याचा एक उशिराचा प्रयत्न आहे.

यंत्राविषयीच्या विचाराचे दोन मोठे प्रवाह आपल्या बेळगावातून वाहिले आहेत. पहिला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या या गृहस्थाने बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनविण्यास आरंभ केला. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शंका घेऊन शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली कुंडल स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे तोच नांगर शेतकऱ्याने आपला मानला, कारण त्याने माणसाचे व बैलाचे कष्ट हलके केले आणि जमीन खोल नांगरली. ज्या कामात माणसाची पाठ मोडते आणि ज्याचे फळ केवळ पिकात मोजले जाते, असे काम यंत्राला देण्यात कसलाही कमीपणा नाही, हे आपण लक्ष्मणरावांकडून शिकावे.

दुसरा प्रवाह गांधीजींचा. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आजही त्याची साक्ष देते. सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे, या अटीवर त्याच अधिवेशनात शिक्कामोर्तब झाले. यावरून गांधीजी यंत्राचे सरसकट वैरी होते, असा समज पुष्कळांचा होतो. तो खरा नव्हे. त्याच वर्षी 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेल्या एका संवादात त्यांनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असे स्पष्ट केले होते. श्रम वाचविता वाचविता हजारो माणसे रस्त्यावर यावीत, हे त्यांना मान्य नव्हते. सिंगर शिलाई यंत्राचा मात्र त्यांनी अपवाद केला होता. कारण त्याच्या मुळाशी त्यांना घरातील स्त्रीचे कष्ट कमी करण्याची माया दिसली होती.

हे दोन प्रवाह पुढे एके ठिकाणी भेटले. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. चरखा हलका असावा. हाताने वा पायाने चालावा. खेड्यातील स्त्रीने फारसे न थकता तो आठ तास चालवावा. तेवढ्या वेळात १६,००० वार सूत निघावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. किर्लोस्करवाडीतही असा एक चरखा तयार झाला, पण तो कसोटीस उतरला नाही आणि ते पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. तरीही मला ती अटींची यादी मोलाची वाटते. यंत्र आधी आणि माणसाची सोय मागाहून, हा नित्याचा क्रम तिने उलटा केला. चालविणारी कोण, तिला किती झेपेल, तिला ते विकत घेता येईल काय, हे प्रश्न तिथे यंत्र जन्मण्यापूर्वीच विचारले गेले.

आता पुन्हा निपाणीकडे वळू. विडीच्या बाबतीत देशाने यंत्राला दारातच अडविले. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या काळात हाताने वळलेल्या विडीवर यंत्रावरील विडीपेक्षा कमी कर असे. हेतू हाच, की लाखो हातांचे काम टिकावे. काम टिकलेही. परंतु काम टिकले म्हणून माणूस सुखी झाला काय? आईचा खोकला काही करसवलतीने थांबला नाही. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानणारा कायदा १९६६ साली झाला. दवाखाना आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी कल्याणनिधीचा कायदा १९७६ साली आला. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने वखारीतील स्त्रिया संघटित झाल्या, तेव्हा कुठे त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. यावरून एवढेच निष्पन्न होते की, यंत्राला नकार देणे म्हणजे श्रमिकाला न्याय देणे नव्हे. हातकाम आपोआप पवित्र होत नाही.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. माझा प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तो बेळगावातील एका छापखान्यात, खिळे जुळवून. तेथील वयस्क कंपोझिटरने एका संस्कृत शब्दातील माझी चूक दाखवून दिली होती. डॉक्टरेट माझी, शुद्धलेखन त्यांचे! काही वर्षांनी छापखान्यात संगणक आला. दोघा तरुणांना तो शिकविण्यात आला आणि बाकीच्यांना घरी जाण्यास सांगण्यात आले. शिशाच्या धुळीतून सुटका झाली, हे चांगलेच झाले. परंतु चाळीस वर्षांच्या त्यांच्या भाषाज्ञानाचे काय करावे, हे कोणीही विचारले नाही. त्यांना मुद्रितशोधनास बसविता आले असते. संगणकाने जे वाचविले ते मालकाच्या पदरात पडले, आणि जे गमावले त्याचा भार एकट्या त्या वृद्धावर पडला.

आज संगणक निबंधही लिहितो. परवा शेजारच्या एका मुलाने मला 'माझी आई' हा निबंध दाखविला. भाषा निर्दोष होती, पण तो यंत्राने लिहिला होता. मी त्याला रागावलो नाही; समजावून सांगितले. शेत नांगरतो ते पिकासाठी. नांगर कोणी ओढला याने धान्यात फरक पडत नाही. निबंधाचे तसे नाही. शाळेला तुझ्या निबंधाची टंचाई नाही. तो लिहिताना तुला आईकडे नीट पाहावे लागेल, एवढ्यासाठीच तो लिहावयाचा. येथे नांगरणी हेच पीक आहे. शिकणे, आजाऱ्याजवळ बसणे, न्यायनिवाडा करणे ही कामे याच जातीची आहेत. त्यांत यंत्राने साह्य जरूर करावे. पण ती करणाऱ्याची जागा घेऊ नये, आणि चुकीची जबाबदारी तर माणसाने कधीही त्याच्यावर ढकलू नये.

तेव्हा माझे उत्तर थोडक्यात असे आहे. शरीर झिजविणारे काम यंत्राला द्यावे, आणि आनंदाने द्यावे. परंतु ज्याची रोजी त्यामुळे जाणार, त्याला आधी विचारावे. यंत्राने वाचविलेल्या पैशात त्याचा वाटा आधी ठरवावा, मगच यंत्र सुरू करावे. आणि ज्या कामाने माणूस घडतो, ते आपल्या हातून सोडू नये.

माझ्या आईने यंत्राला विरोध केला नव्हता. तिने फक्त फीचे विचारले होते. तो प्रश्न तिने एकटीने विड्या वळून सोडविला. वास्तविक तो सोडविण्याचे काम समाजाचे होते. आपल्यासमोर आज बसलेल्या या मुलांच्या पिढीत यंत्रे अधिक येतील आणि अधिक वेगाने येतील. त्या वेळी तुमच्यापैकी कोणी कारखानदार असाल, कोणी अधिकारी, कोणी संशोधक. नवे यंत्र दारात येईल तेव्हा, 'फी कोण भरणार?' हे विचारण्यास विसरू नका. गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.