काचेच्या घरातील सोयरीक

सोयरीक जुळविताना आपण घराणे पाहतो, स्वभाव पाहतो, चार ठिकाणी चौकशी करतो. पण दोन फुटी काचेच्या टाकीत जन्मभर एकत्र नांदायचे मासे मात्र नुसता रंग पाहून घरी आणतो!

आमच्या लोह्याच्या घरी असेच झाले. नांदेडहून आम्ही एक एंजल, दोन गोल्डफिश आणि सहा गप्पी आणले. चिरंजीवांनी लिंबोटीच्या धरणाकाठची मोठी गोगलगाय आणून त्यात भर घातली. आठ दिवसांत गप्पी नाहीसे झाले, पाणवनस्पतींचे नुसते देठ उरले, पाणी गढुळले आणि धाकटी जेवायला बसेना.

दोष माशांचा नव्हता, आमचा होता. एंजल बशीएवढा वाढतो, आणि तोंडात मावेल ते त्याचे खाद्य. गोल्डफिश वीतभर होतो, घाण फार करतो, शिवाय त्याला गार पाणी मानवते. आणि त्या गोगलगाईला कोवळी पाने म्हणजे मेजवानीच!

तेव्हा पहिली पत्रिका जुळवावी ती पाण्याशी. मराठवाड्यात काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. पातेल्याला पांढरा थर धरतो, तेच ते पाणी. गप्पी, मॉली यांना ते मानवते. अॅमेझॉनच्या मऊ पाण्यातला निऑन टेट्रा मात्र त्यात सुखी होत नाही.

दुसरी गोष्ट स्वभावाची. टायगर बार्ब दिसायला देखणा, पण गप्पीच्या लांब शेपट्या कुरतडतो. झेब्रा मासा आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला; तो एकटादुकटा बावरतो, किमान सहांचा थवा हवा.

तिसरी गोष्ट संख्येची. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावते. त्यात सहा गप्पी नर, इंचभर लांबीच्या आठ-दहा लाल चेरी कोळंब्या आणि दोन लहान रॅम्सहॉर्न गोगलगाई एवढे कुटुंब पुरे. गप्पीच्या माद्या घेतल्या, तर महिन्या-महिन्याला बारसे ठरलेले! कोळंबीच्या पिलांना लपायला शेवाळाचा दाट पुंजका ठेवावा.

टाकी भरल्याबरोबर मासे सोडू नयेत. विष्ठेतून होणारा अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतू वाळूत आणि गाळणीत वसायला महिनाभर लागतो. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाकून त्यांना पोसावे. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. उन्हाळ्यात टाकी सावलीत ठेवावी, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. माशांच्या औषधात तांबे असेल तर ते कोळंबीला मारक ठरते, हेही ध्यानात असावे. आणि नकोसा झालेला मासा ओढ्यात किंवा धरणात कधीही सोडू नये. परदेशी सकर मासा अशानेच आपल्या नद्यांत पसरला आहे.

हे सारे शिकून आम्ही पुन्हा संसार थाटला. एका सकाळी धाकटी रडतच आली, "आई, कोळंबी मेली ग!" पाहते तो वाळूवर एक पारदर्शक, रिकामे कवच. कोळंबीने कात टाकली होती आणि स्वतः शेवाळाआड दडली होती. कवच तसेच राहू दिले, कारण कोळंब्या ते खाऊन त्यातला चुना परत मिळवितात.

त्या दिवशी धाकटी पोटभर जेवली.