वरचं रान, खालचं पाणी

बऱ्हाणपूरच्या लालबाग भागात कुंडी भंडाऱ्याच्या एका कुंडीत पाळण्याने खाली उतरता येतं. साधारण 80 फुटांवर अरुंद बोगदा लागतो आणि त्यातून पाणी वाहताना दिसतं. 1615च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने ही योजना आखली असं सांगतात. मोट नाही, रहाट नाही. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असतं. ते वाटेतच भुयारात धरायचं आणि नुसत्या उताराने शहरात आणायचं. वर शंभराच्या आसपास कुंड्या एका रांगेत, हवा खेळावी आणि आत उतरून साफसफाई करता यावी म्हणून. मार्च 2024मध्ये या भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत लागलं.

भुयाराची देखभाल करायला माणसं आहेत. भुयारात पाणी येतं ज्या डोंगरातून, त्याची देखभाल शहराच्या हिशेबात कुठे बसते?

सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि मातीचा जाड थर साचला आहे. भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. बऱ्हाणपूरपासून रावेर, यावल, चोपड्यापर्यंत हा पट्टा जातो. डोंगरावरून उतरणारे नाले इथे आले की त्यांचं बरंचसं पाणी या गोट्यांत शिरतं. मात्र पाणी हळू यायला हवं. उतारावर गवत, पालापाचोळा आणि सागा-सालईची मुळं असली तर पावसाचा जोर मोडतो. उतार उघडा पडला की लोंढा गाळ घेऊन येतो आणि तो गाळ खालच्या गोट्यांची तोंडं बुजवतो. झाडं लावली की पाणी वाढतं, असं सरसकट म्हणू नये. झाड स्वतःही पाणी पितं, आणि दाट लावलेल्या रोपवनापेक्षा चराईपासून राखलेलं गवत कधीकधी जास्त कामाचं ठरतं. रान राखल्याचा खात्रीचा लाभ म्हणजे गाळ कमी येतो.

आता मोबदल्याची कल्पना. वरचे लोक रान राखतात, चराई आवरतात, वणवा विझवतात. फायदा खालच्यांना होतो. मग खालच्यांनी त्याचे पैसे द्यावेत, आणि काम झालं तरच द्यावेत. हिमाचलातल्या पालमपूर नगर परिषदेने 2010मध्ये असाच करार केला. गावाला पाणी देणाऱ्या बोहल झऱ्याच्या वरचं रान राखण्यासाठी तिथल्या ग्राम वन समितीला वर्षाला 10,000 रुपये द्यायचे ठरले. रक्कम किरकोळ आहे, पण रचना शिकण्यासारखी: झरा एक, पाणी घेणारा एक, रान राखणारी समिती एक आणि लेखी कागद.

बऱ्हाणपुरात हा कागद करायचा, तर वरच्या बाजूने सही कोणाची? मध्य प्रदेशात 1991पासून संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या आहेत. त्यांचा मुख्य आधार लाकूड-बांबूतला वाटा, आणि दोरी वनखात्याच्या हाती. दुसरी वाट 2006च्या वनहक्क कायद्याची. त्याचं पाचवं कलम तर ग्रामसभेला पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार नावानिशी देतं. पैशाबद्दल ते गप्प आहे. आणि सामूहिक हक्काचा दावा मंजूर नसेल, तर राखणदार म्हणून सही करायला ग्रामसभेच्या हाती काय उरतं?

2022-23मध्ये नेपानगर भागातल्या घाघरला, सिवल परिसरात मोठी बेकायदा तोड झाली, तेव्हा ती थांबवा म्हणून आदिवासी गावकरीच बऱ्हाणपूरला धरणं धरून बसले. त्यांच्या संघटनेच्या एका कार्यकर्त्याला पुढे प्रशासनाने तडीपार केलं. जानेवारी 2025मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. राखणदारीचा मोबदला द्यायचा तो असा!

वरून येणारा पैसा नाही असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवताना वन आणि पर्यावरणाला 10 टक्के वजन दिलं. पण तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. पाड्यापर्यंत पोचलाच पाहिजे असं बंधन नाही. दुसरा निधी भरपाई वनीकरणाचा, 2016च्या कायद्याचा. त्यात मुख्यतः रान दुसऱ्या कामाला दिलं की रक्कम जमा होते. म्हणजे रान गेलं तर त्याची किंमत निघते, उभं राहिलं तर निघत नाही.

खालच्या बाजूचा पेच वेगळाच. इथलं बरंचसं पाणी केळीला जातं आणि ते येतं बोअरमधून. बोअरला मीटर नाही, त्यामुळे वसुली कोणाकडून आणि किती, हेच ठरत नाही. शिवाय बझाड्याला राज्याची सीमा ठाऊक नाही. रावेरचा बागायतदारही त्याच थरातून उपसतो. तापी पुनर्भरणाच्या मोठ्या योजनेसाठी 10 मे 2025ला दोन्ही राज्यांनी भोपाळमध्ये करार केला, त्यात 31.13 टीएमसी पाण्याची वाटणी आहे. खर्चाचा भर बंधारा आणि कालव्यांवर. अशा योजनेतला एक लहानसा हिस्सा दरवर्षी वरच्या ग्रामसभांना, गवत आणि गाळ मोजून, देता येईल.

तेवढा धीर नसेल, तर सुरुवात भंडाऱ्यापासून करावी. तिथे खालची बाजू ठरलेली आहे: महानगरपालिका. पाणीपट्टीत थोडे पैसे वेगळे काढायचे, भंडाऱ्याच्या वरचा पाणलोट नकाशावर आखायचा, आणि त्यात ज्यांचं रान येतं त्या गावांचे दावे आधी निकाली काढायचे. दाव्यांचं काम सगळ्यात जास्त वेळ खाईल.