गरोदर शिक्षिकेनं रजेवर कधी जायचं?



आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, हा विषय तुम्ही कुठून काढलात? सांगतो. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण नोकरीच्या काळात छावणीतल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी दोन वर्षं अध्यक्ष होतो. तिथं माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं मी का सांगतोय ते कळेल.

डोंगराळ गाव, दुमजली शाळा. पाचवीला शिकवणाऱ्या एका बाईंचा अर्ज माझ्या टेबलावर आला. आठवा महिना चालू होता. वर्ग वरच्या मजल्यावर होता, तो खाली मिळावा आणि सकाळच्या प्रार्थनेला उभं राहण्यातून सूट मिळावी, एवढंच मागणं होतं. परीक्षा तोंडावर होत्या. मी अर्जावर शेरा मारला, "परीक्षेनंतर पाहू." दहा दिवसांनी त्या बाई जिन्यात चक्कर येऊन पडल्या. त्याच रात्री बाळंतपण झालं, साडेसहा आठवडे आधी. बाळ तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. देवाच्या कृपेनं दोघं वाचली. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, माझंच चुकलं. मी आधीच थांबायला हवं होतं."

त्यांनी वेळेवर अर्ज दिला होता. तो बाजूला ठेवणारा मी होतो. आणि दोष त्या स्वतःला देत होत्या. ते वाक्य वीस वर्षं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

त्या जिन्यामुळंच बाळंतपण लवकर झालं का, हे मला माहीत नाही. पण मागणं साधं होतं आणि ते पूर्ण करायला एक सही पुरेशी होती.

गेल्या वर्षी माझी भाची, इंदूरच्या एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवते, तिचा फोन आला. "मामा, सासूबाई म्हणतात आत्ताच घरी बस. मुख्याध्यापिका म्हणतात सहामाही होईपर्यंत ये. डॉक्टर म्हणतात तुला झेपेल तोवर कर. मी कुणाचं ऐकू?" तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी हिशेब समजून घ्या

1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. पुढं 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही 26 आठवडेच ठेवले आहेत. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. आधीची दोन मुलं हयात असतील तर रजा 12 आठवडे, त्यातले 6 आधी. अट एवढीच की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडं किमान 80 दिवस काम झालेलं हवं. केंद्र सरकारच्या नोकरीत ही रजा 180 दिवसांची आहे, महाराष्ट्रासह अनेक राज्यांतही तेवढीच.

आता गोम बघा. रजेची थैली एकच आहे. बाळंतपणाआधी खर्च केलेला प्रत्येक आठवडा बाळ आल्यानंतरच्या दिवसांतून वजा होतो. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून प्रत्येक शिक्षिकेला वाटतं, शेवटच्या दिवसापर्यंत शिकवावं आणि सगळी रजा नंतर घ्यावी. वाटणं चूक नाही. पण त्यापायी शरीराचे इशारे दाबून काम ओढत राहणं, हा धोका इथूनच सुरू होतो.

भाचीची तारीख होती 20 सप्टेंबर. कागदावर मांडलं. 8 आठवडे आधी म्हणजे 26 जुलै. तेव्हापासून रजा घेतली तर ती जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात संपते, बाळ जेमतेम चार महिन्यांचं. 30 ऑगस्टपासून घेतली तर फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत पुरते. पाच आठवड्यांचा फरक. हा फरक डोळ्यांसमोर दिसला की घरातला वाद निम्मा मिटतो.

रजेच्या आठवड्यांत रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही मोजल्या जातात, हे लक्षात ठेवा. उन्हाळी किंवा दिवाळीची सुट्टी तारखेच्या आसपास येत असेल तर आधी सुट्टी आणि मग रजा असं जोडता येतं का, हे शाळेला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

कायद्यात "उभं राहणं" हा शब्द आहे

हे मला त्या शाळेत असताना माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं.

1961 च्या त्या कायद्याच्या चौथ्या कलमात होतं की गरोदर स्त्रीनं विनंती केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये. कधीपासून? अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधीचा जो एक महिना येतो, तेव्हापासून. त्या सहा आठवड्यांत ती रजेवर न जाता काम करत असेल तर तेव्हाही. भाचीच्या हिशेबात ही तारीख 9 जुलै येते. म्हणजे ज्या काळात माझ्याकडं अर्ज आला होता, तोच हा काळ. तो कायदा त्या शाळेला कितपत लागू होता, यावर वकील वाद घालतील. पण शहाणपणाला कायदा लागत नाही.

शिक्षिकेचं काम "बसून करायचं" आहे, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात सकाळची प्रार्थना, फळ्यासमोर पाच-सहा तासिका, मधल्या सुट्टीची देखरेख, जिने, शाळेची बस, आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालची उष्णता. म्हणून थांबण्याच्या आधी एक पायरी असते, ती म्हणजे काम हलकं करून घेणं. तळमजल्यावरचा वर्ग, फळ्याजवळ खुर्ची, प्रार्थनेतून सूट, सहलीतून आणि मैदानावरच्या कामातून सूट. निवडणुकीचं किंवा गणनेचं काम आलं तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून त्याच दिवशी अर्ज द्या. हे मिळालं तर अनेकींना तीन-चार आठवडे जास्त सुखानं काम करता येतं.

लहान मुलांच्या वर्गात आणखी एक गोष्ट. कांजिण्या, गोवर, रुबेला असं काही वर्गात निघालं आणि आपल्याला तो आजार किंवा त्याची लस झालेली नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. "दोन दिवस बघू" हे इथं चालत नाही.

एक तारीख, चार अटी

फौजेत सगळ्यात अवघड हालचाल कोणती, विचाराल तर मी म्हणेन, शिस्तीनं मागं येणं. पुढं जायला जोश पुरतो. मागं यायला आधीच ठरवलेला आराखडा लागतो. तो गोळीबार सुरू झाल्यावर करता येत नाही. म्हणून आम्ही दोन गोष्टी आधीच लिहून ठेवायचो. एक, कितीही झालं तरी या वेळेनंतर इथं थांबायचं नाही. दोन, यातलं काही घडलं तर त्या वेळेची वाटही बघायची नाही.

भाचीनं असंच केलं. शेवटची तारीख ठरवली 23 ऑगस्ट, म्हणजे चार आठवडे आधी. गर्भारपण 37 आठवड्यांचं झालं की बाळ पूर्ण दिवसांचं मानतात. त्याच्या एक आठवडा आधी घरी असावं, हा तिचा विचार. मग डॉक्टरांशी बोलून चार अटी लिहिल्या. यातली एक जरी घडली तरी त्याच दिवशी शाळा बंद आणि दवाखाना गाठायचा.

1. रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर गेला, किंवा डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, चेहरा आणि हात सुजले.
2. रक्त किंवा पाणी गेलं.
3. पूर्ण दिवस भरण्याआधी ठरावीक अंतरानं कळा येऊ लागल्या.
4. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली.

ही यादी तिची आहे. जुळी बाळं असतील, वार खाली असेल, मधुमेह असेल, हिमोग्लोबिन बरंच कमी असेल, आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असेल, तर तुमची यादी वेगळी असेल आणि तारीखही अलीकडची असेल. ती तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते.

यादी कागदावर का लिहायची? कारण त्या दिवशी आपण स्वतःशीच घासाघीस करतो. "आज युनिट टेस्ट आहे, उद्या बघू." मी अर्जावर जे लिहिलं होतं, तेच आपण मनात लिहितो.

वर्ग सोपवायची तयारी

बहुतेक शिक्षिका थांबत नाहीत, कारण "माझ्या मुलांचं काय?" यावर उपाय आमच्याकडं जुना आहे. बदली झाली की आम्ही "हँडिंग-टेकिंग" करायचो, म्हणजे कार्यभार सोपवायचो. भाचीनं जुलैतच एक वही केली. कुठला धडा कुठवर आला, कुठल्या मुलाला वाचायला त्रास होतो, कुणाला चष्मा लागलाय पण तो लावत नाही, कुणाच्या घरी सध्या ताण आहे. बदली शिक्षिकेला आठवड्यातून दोन तासिका वर्गात बसवलं. वही तयार झाली त्या दिवशी मला म्हणाली, "मामा, आता मी उद्या गेले तरी चालेल." जिला उद्या जाता येतं, तीच निश्चिंतपणे आज काम करू शकते.

नोकरीची भीती

खाजगी शाळेतल्या आणि करारावरच्या शिक्षिकांची खरी अडचण ही आहे. नोकरी जाईल या भीतीनं त्या सांगतच नाहीत. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. या रजेवर असताना त्याच कारणानं कामावरून काढणं बेकायदा आहे. ठरलेल्या मुदतीच्या करारावरच्या स्त्रीला तो करार संपल्यानंतरही प्रसूती लाभ मिळू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली म्हटलं. मे 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका सरकारी शाळेच्या शिक्षिकेच्या बाजूनं निकाल देताना त्याच न्यायालयानं प्रसूती रजेचा संबंध स्त्रीच्या मूलभूत हक्कांशी जोडला. खाजगी शाळांना नियम कसे लागू होतात, यात राज्याराज्यांत फरक राहिला आहे. केरळनं 2020 मध्ये खाजगी शाळा प्रसूती लाभ कायद्याखाली आणल्या. शाळा ईएसआयमध्ये असेल आणि तुमचीही नोंद असेल तर रजेतले पैसे ते महामंडळ देतं. म्हणून नेमणूकपत्र, पगाराच्या नोंदी आणि अर्जाची पोच, हे तीन कागद घरी जपा. सूचना लेखी द्या आणि पोच घ्या.

शेवटचं

दुसरं टोकही आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात शाळा मंडळाचा नियम होता की शिक्षिकेनं तारखेच्या पाच महिने आधी बिनपगारी रजेवर गेलंच पाहिजे, तब्येत ठणठणीत असली तरी. 1974 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मोडीत काढला. सगळ्या जणी एकाच दिवशी कामाला असमर्थ होतात असं धरून चालता येत नाही, हा त्यातला मुद्दा. आपल्याकडं असा नियम घरातली वडीलधारी मंडळी करतात, मायेनंच करतात. पण "आत्ताच बस" आणि "परीक्षेपर्यंत ये" या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हींत तिला कुणी विचारलेलं नाही.

भाचीचं पुढं काय झालं? 11 ऑगस्टला तपासणीत रक्तदाब 142/92 निघाला. पहिली अट. ती दवाखान्यातूनच मुख्याध्यापिकांना फोन करून थेट घरी गेली. वही दुसऱ्या दिवशी जावयानं पोचवली. औषधं चालू झाली, आणि 6 सप्टेंबरला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, पावणेतीन किलोची. बारा दिवस आधी थांबावं लागलं म्हणून मी तिला विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "नाही मामा. ठरलेलंच होतं."

शिक्षिका भगिनींनो, हा कागद आज रात्री लिहा. आणि मुख्याध्यापक, संस्थाचालक, समितीचे अध्यक्ष कुणी वाचत असाल तर तुमच्या टेबलावर असा अर्ज आला की त्याच दिवशी सही करा. परीक्षा दरवर्षी येतात.

जय हिंद.