पॅडल शिफ्टर कशासाठी?

अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत स्टिअरिंगच्या मागे, बोटांना सहज लागतील अशा दोन पट्ट्या असतात. हेच पॅडल शिफ्टर. उजवी, अधिक चिन्हाची पट्टी ओढली की गिअर वर चढतो. डावी, वजा चिन्हाची ओढली की खाली येतो. पट्टी स्वतः काही हलवत नाही, फक्त विद्युत संकेत पाठवते. खालच्या गिअरमुळे इंजिनचे फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील, तर गिअरबॉक्सचा संगणक ती मागणी सरळ नाकारतो. त्यामुळे भीती बाळगायचं कारण नाही.

ही सोय शर्यतीतून आली. १९८९ साली जॉन बर्नार्ड यांनी आखलेली, अशाच पट्ट्या असलेली फेरारी ६४० फॉर्म्युला वनमध्ये उतरली आणि पहिलीच, ब्राझीलमधली शर्यत नायजेल मॅन्सेलने तिच्यातून जिंकली.

आपल्याकडे मात्र वेगापेक्षा घाट उतरताना पॅडल जास्त कामाचं, असं मला ठामपणे वाटतं. आंबोलीसारख्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. वळणाआधीच डावी पट्टी ओढून गिअर खाली आणला, की इंजिनच गाडीला रोखून धरतं आणि ब्रेकला उसंत मिळते. चढावर ओव्हरटेक करण्यापूर्वीही हीच पट्टी वापरावी.

काही इलेक्ट्रिक गाड्यांतही अशा पट्ट्या दिसतात. तिथे त्या गिअर बदलत नाहीत. वेग कमी होताना बॅटरीत परत जाणाऱ्या ऊर्जेचं प्रमाण ठरवतात.