आडवें एंजिन : एका लहान ऐटदार मोटारगाडीची रचना

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या 'पद्मिनी' टॅक्सींत मागच्या आसनावर मधोमध बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना एक गोष्ट खचित आठवत असेल. पायांखालीं सपाट तळ नसून एक लांबट उंचवटा असे, आणि मधल्या माणसास दोन्ही पाय त्याच्या दोहों बाजूंस टाकून अवघडून बसावें लागे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या त्या गाड्या २०२३ सालीं मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निवृत्त झाल्या. परंतु त्या उंचवट्यानें विचारलेला प्रश्न जुना झालेला नाहीं. गाडींतील जागा माणसांसाठीं किती आणि यंत्रासाठीं किती, हा तो प्रश्न होय. एका नामांकित जर्मन कंपनीला याच प्रश्नापुढें आपला जुना अभिमान बाजूस ठेवावा लागला. ती हकीकत समजून घेतली, म्हणजे आजच्या लहान ऐटदार मोटारगाडीची रचनाही आपोआप समजते.

ज्या वर्गांतील ही गाडी आहे, त्यास 'क्रॉसओव्हर' असें म्हणतात. रानवाटेनें जाणाऱ्या जुन्या जीपला खालीं पोलादाची भक्कम चौकट असे व वरची पेटी निराळी करून तिच्यावर बसविलेली असे. शहरांतील साध्या गाडीस अशी निराळी चौकट नसते. तळ, बाजू व छप्पर हीं सर्व अंगें एकत्र जोडून एकच पेटी बनवितात आणि तीच सारा भार सोसते. अशा पेटीच्या गाडीला जीपसारखी उंची व उंच बैठक दिली, म्हणजे क्रॉसओव्हर तयार होते. म्युनिकच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें २००९ सालीं या वर्गांत 'एक्स-वन' नांवाची गाडी आणली. कंपनीच्या उंच गाड्यांच्या मालिकेंतील ती सर्वांत लहान; श्रीमंती दालनाची जणूं पहिली पायरी. आपल्या देशांतही चेन्नईजवळच्या कारखान्यांत तिची जुळणी होते.

या पहिल्या एक्स-वनचें एंजिन बॉनेटखालीं उभें, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनें बसविलेलें होतें. त्याच्या पाठीमागें गीअरबॉक्स, त्याच्या पाठीमागें गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, आणि शेवटीं मागच्या आंसावर दंतचक्रांची जोडी. शाफ्ट ज्या दिशेनें फिरतो तिच्याशीं चाकांची फिरण्याची दिशा काटकोन करिते. म्हणून ही जोडी ती गति वळवून चाकांकडे पोंचविते. पद्मिनींतही हीच व्यवस्था होती, आणि पायांखालचा तो उंचवटा म्हणजे या शाफ्टासाठीं केलेला बोगदाच होय.

या पद्धतीचे गुण मोठे आहेत. पुढचीं चाकें केवळ गाडी वळवितात, मागचीं चाकें केवळ ढकलतात. एकाच्या कामांत दुसरें लुडबूड करीत नाहीं. शिवाय वजन पुढें व मागें जवळजवळ समसमान वांटतां येतें, त्यामुळें वळणावर गाडी तोल संभाळून राहाते. बी. एम. डब्ल्यू. कंपनीची कीर्ति बहुतांशीं याच गुणावर उभी होती. परंतु लहान गाडींत ही पद्धत महाग पडते. उभें एंजिन आणि त्यामागचा गीअरबॉक्स बैठकीच्या भागांत शिरतात, आणि मागें बसणाऱ्याच्या गुडघ्यांना जागा उरत नाहीं. बाहेरून ४४५४ मिलिमीटर लांब असलेल्या त्या गाडींत सामानासाठीं ४२० लिटर एवढीच जागा होती.

या अडचणीवरचा उपाय मात्र श्रीमंतांच्या गाडींतून आला नाहीं. तो टंचाईंतून आला. १९५६ सालीं सुवेझ कालव्याचें प्रकरण पेटलें, तेलाची वाहतूक अडली आणि ब्रिटनमध्यें पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. थोड्या पेट्रोलवर चालणारी, आकारानें लहान, परंतु चार माणसांना नीट घेऊन जाणारी गाडी तेथें हवी होती. ही कामगिरी अलेक इसिगॉनिस या अभियंत्याकडे आली. त्यानें एंजिन आडवें केलें, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेनें बसविलें. गीअरबॉक्स एंजिनाच्या खालीं, त्याच्याच तेलांत ठेवला. आणि शक्ति मागें न नेतां तेथल्या तेथें पुढच्या चाकांना दिली. १९५९ सालीं बाहेर पडलेली ही 'मिनी' लांबीनें अवघी १० फूट होती, तरी तिच्या तळाचा सुमारें ८० टक्के भाग माणसांना व सामानाला मिळाला. पुढें १९६४ मध्यें इटलींतील दान्ते जाकोसा यानें 'प्रिमुला' या गाडींत गीअरबॉक्स एंजिनाच्या खालीं न ठेवतां त्याच्या कडेला, एका ओळींत ठेवला. ही मांडणी अधिक सोयीची ठरली, आणि आज जगांतील बहुतेक लहान गाड्या तिच्याच वंशांतील आहेत. आपल्याकडे १९८३ सालीं आलेली आणि पुढें घरोघर पोंचलेली मारुति ८०० ही देखील आडव्या एंजिनाचीच होती.

आतां हें ज्ञान म्युनिकला कसें पोंचलें तें पाहूं. बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें १९९४ सालीं ब्रिटनची रोव्हर कंपनी विकत घेतली व तिच्याबरोबर मिनी हें नांवही तिच्याकडे आलें. तो व्यवहार आंतबट्ट्याचा ठरून २००० सालीं रोव्हर हातची गेली. पण मिनी कंपनीनें आपल्यापाशीं ठेवून घेतली, आणि २००१ पासून नवी मिनी विकावयास आरंभ केला. अशा रीतीनें आडव्या एंजिनाची विद्या घरांतच जमत गेली. २०१४ सालीं कंपनीनें स्वतःच्या नांवाची पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी पहिली गाडी काढली, आणि २०१५ मध्यें एक्स-वनचीही पाळी आली. मिनीच्या जन्मापासून तोंवर ५६ वर्षें लोटलीं होतीं!

या बदलानें काय साधलें, तें आंकड्यांवरून स्पष्ट दिसतें. नव्या एक्स-वनची लांबी ४४३९ मिलिमीटर, म्हणजे पहिलीपेक्षां १५ मिलिमीटर कमी. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर तर ९० मिलिमीटर कमी झालें. तरी मागच्या बैठकींतील गुडघ्यांची जागा ३७ मिलिमीटर वाढली, आणि डिकी ४२० लिटरांवरून ५०५ लिटरांवर गेली. बाहेरून आंखूड आणि आंतून ऐसपैस, असें हें नवल एंजिन वळविल्यानें घडलें. अर्थात् सर्व श्रेय एकट्या एंजिनास देणें न्यायाचें होणार नाहीं. गाडी ५३ मिलिमीटर उंच व २३ मिलिमीटर रुंदही झाली होती. माणूस उंच बसला म्हणजे त्याचे पाय खालीं सोडलेले राहातात आणि थोड्या लांबींत भागतें. शिवाय ज्या प्रकारांत चारही चाकांना शक्ति मिळते, त्यांत शाफ्ट मागें न्यावाच लागतो. म्हणून तो बोगदा पुरतेपणीं नाहींसा झाला नाहीं.

परंतु विद्यार्थिमित्रहो, यंत्रशास्त्रांत कोणतीही गोष्ट फुकट मिळत नाहीं. टायरचा रस्त्यास टेकणारा भाग तळहाताएवढाच असतो आणि त्याच्या पकडीला मर्यादा असते. पुढच्याच चाकांनीं गाडी ओढावयाची आणि वळवावयाचीही, असें ठरलें म्हणजे तीच पकड दोन कामांत वांटली जाते. गाडीनें एकाएकीं वेग घेतला कीं भार मागें सरकतो. चढावरही तो मागच्या चाकांवर अधिक पडतो, आणि ओढणारीं पुढचीं चाकें नेमक्या गरजेच्या वेळीं हलकीं होतात. पावसाळ्यांत घाटाच्या वळणदार चढावर चाकें जागच्या जागीं गरगर फिरतात, तीं याच कारणानें. दुसरी अडचण अशी कीं, गीअरबॉक्स एंजिनाच्या कडेला असल्यामुळें डाव्या व उजव्या चाकांकडे जाणारे दांडे सारख्या लांबीचे राहात नाहींत. जोर वाढला कीं स्टिअरिंग एका बाजूस ओढ घेऊं पाहातें. दांड्यांची मांडणी सुधारून व शक्ति विद्युत्-नियंत्रणानें आवरून हा दोष पुष्कळसा कमी करितां येतो. निसरड्या वाटेसाठीं मागच्या आंसापाशीं पुष्कळ चकत्यांचा एक क्लच बसवितात. पुढचीं चाकें घसरूं लागलीं, किंवा घसरतील असें यंत्रणेस वाटलें, कीं तेलाच्या दाबानें चकत्या एकमेकींस घट्ट चिकटतात आणि मागचीं चाकेंही ढकलूं लागतात.

आडव्या मांडणीनें एंजिनाच्या लांबीवरही बंधन घातलें, कारण दोन पुढच्या चाकांमध्यें जेवढें मावेल तेवढेंच एंजिन घेतां येतें. म्हणून लहान एंजिनाकडून मोठें काम करून घेणें भाग पडलें. २०२२ सालीं निघालेल्या तिसऱ्या पिढीच्या एक्स-वनच्या साध्या पेट्रोल प्रकारांत अवघे तीन सिलिंडर असून एंजिन दीड लिटरांचें आहे. तरी तें १३६ अश्वशक्ति देतें. ही किमया टर्बोचार्जरची. सिलिंडरांतून बाहेर पडणारा तप्त धूर एरव्हीं वाया जातो. त्याच्या झोतावर एक चक्र फिरवितात, त्या चक्राला जोडलेला पंखा बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरतो, आणि अधिक हवेमुळें अधिक इंधन जाळतां येतें. या कल्पनेचें पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालींच घेतलें होतें. तीन सिलिंडरांच्या एंजिनास स्वभावतःच थरथर असते. ती शमविण्यासाठीं उलट तोल देणारा एक दांडा आंत फिरत ठेवतात. गीअरबॉक्सही चतुर आहे. त्यांत दोन क्लच असून, एकाकडे पहिला, तिसरा, पांचवा व सातवा, तर दुसऱ्याकडे दुसरा, चौथा व सहावा असे गीअर असतात. एक गीअर चालूं असतां पुढचा तयार राहातो, त्यामुळें बदलतांना ओढ खंडित होत नाहीं.

याच पिढींत विजेवर चालणारा प्रकारही निघाला. त्याची ६४.७ किलोवॉट-तासांची बॅटरी गाडीच्या तळांत सपाट पसरलेली आहे. पुढच्या आंसापाशीं एक व मागच्या आंसापाशीं एक अशा विजेच्या दोन मोटरी आहेत, आणि दोन्ही मिळून २३० किलोवॉट शक्ति देतात. दोन आंसांमध्यें आतां लोखंडी शाफ्ट नाहीं. तें काम विजेच्या तारा करितात. ज्या शाफ्टामुळें इतका विचार करावा लागला, तोच येथें अनावश्यक झाला. पण येथेंही किंमत आहेच : बॅटरीमुळें गाडीचें वजन दोन टनांच्या घरांत गेलें आहे.

येथें पालकांसाठीं व गाडी शिकूं पाहाणाऱ्या मुलांसाठीं एक सूचना करणें अवश्य वाटतें. उंच बैठक, चारही चाकांची ओढ आणि दमदार एंजिन यांमुळें चालकाच्या मनांत निर्भयपणा उत्पन्न होतो. तो कित्येकदां खोटा असतो. चारही चाकांना शक्ति मिळाल्यानें गाडी निसरड्यावरून निघूं शकते. परंतु थांबतांना ती शक्ति उपयोगी पडत नाहीं. थांबण्याचें काम साध्यासुध्या गाडीप्रमाणेंच ब्रेक व टायर यांनाच करावें लागतें. वेग ताशीं ४० किलोमीटरांवरून ८० वर नेला, तर तो दुप्पट झाला, पण ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर चौपट होतें. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेला वर्गाचा नियम श्रीमंताच्या गाडीला सवलत देत नाहीं. म्हणून पट्टा पुढें बसणाऱ्यानें बांधावाच आणि मागें बसणाऱ्यानेंही बांधावा.

तात्पर्य, ऐटदार गाडीची थोरवी तिच्या चामडी आसनांत किंवा बॉनेटवरील बिल्ल्यांत शोधूं नये. कोणता भाग कोठें ठेवला व त्यायोगें कोणाची सोय झाली, यांत ती शोधावी. पेट्रोलच्या टंचाईंत सामान्य माणसासाठीं योजलेली युक्ति श्रीमंती गाडीनें अर्ध्या शतकाहून अधिक काळानें उचलली. मानी कारागिरानें आपल्या आवडत्या पद्धतीचा हट्ट सोडला, तेव्हां मागच्या आसनावरील मुलाच्या गुडघ्यांना ३७ मिलिमीटर जागा मिळाली. आंकडा लहान आहे. पण ज्याचे गुडघे पुढच्या आसनावर घांसत होते, त्याला विचारा, तो त्याची किंमत बरोबर सांगेल.