प्रेसला पीडीएफ देण्यापूर्वी

हल्ली आपल्यातील अनेक कारागीर व व्यावसायिक स्वखर्चाने पुस्तक काढतात. कुणी दर्जी कटिंगचे पुस्तक काढतो, कुणी नातांचा संग्रह. प्रेसवाला सांगतो, "छापायची पीडीएफ आणा." एकदा ती मंजूर केली की तिच्यातील चुकीचा खर्च आपल्याच अंगावर येतो, मग पाचशे प्रती रद्दीत जावोत. म्हणून ही फाईल नीट समजून घ्यावी.

ॲडोबी कंपनीने १९९३ साली पीडीएफ आणली, ती एका यंत्रावरचे पान दुसऱ्यावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. मात्र त्यासाठी फाँट फाईलच्या आत भरलेले हवेत. ते नसतील तर प्रेसचा संगणक स्वतःजवळचा दुसराच फाँट लावतो आणि मराठी जोडाक्षरे फुटतात. ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रॉपर्टीज उघडून फाँटची यादी पाहा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' हा शब्द दिसला पाहिजे.

उर्दू-अरबी मजकुराचे दुखणे वेगळे. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय चालू नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ टाकली की अक्षरे सुटी होतात व उलट क्रमाने लागतात. फाँट एम्बेडेड असला तरी ही चूक तशीच छापली जाते आणि कंपोझिंग करणाऱ्याला अरबी येत नसेल तर ती दिसतही नाही. पुस्तकात कुरआनची आयत असल्यास शेवटच्या पीडीएफचेच प्रिंट काढून जेर-जबरसह आलिमांकडून तपासून घ्यावे. आधीच्या वर्ड फाईलची तपासणी येथे उपयोगाची नाही.

पानाचा आकार सुरुवातीलाच ठरवा. ए-४ पानावर जुळविलेले पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचात बसविले तर १२ पॉइंटचे अक्षर ८ पॉइंटचे होते. वयस्कर वाचकांचे हाल होतातच, पण कटिंगच्या पुस्तकात मूळ मापाचा नमुना दिला असेल तर तोही लहान होतो आणि त्यावर कापलेले कापड वाया जाते.

फोटो छापायच्या मापात ३०० डीपीआय हवा, म्हणजे चार इंच रुंदीला १२०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर फोटो आकसतो, तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. तो चार रंगांत गेला आणि छपाईत रंग जरासे सरकले की अक्षराला रंगीत कड दिसते. रंग कडेपर्यंत न्यायचा असल्यास तो कापणीच्या रेषेबाहेर ३ मि.मी. वाढवावा.

मुखपृष्ठाची फाईल शेवटी करावी, कारण कण्याची रुंदी पाने व कागद ठरल्याशिवाय कळत नाही. १६० पृष्ठे म्हणजे ८० पाने. पान ०.१ मि.मी. जाडीचे असेल तर कणा ८ मि.मी. होतो. नेमकी जाडी प्रेसकडून विचारून घ्यावी, आणि तेव्हाच एक फर्मा नमुन्यादाखल मागावा.